वाढवून सांगू नकोस

मला धावतं वर्णन करायची खोड आहे. खोड कसली, खाजच म्हणा! डोळ्यांसमोर काही घडत असलं की ते तोंडाने सांगितल्याशिवाय मला राहवतच नाही. ऐकायला कोणी असो वा नसो. "मोहरी तडतडली, जिरं मागोमाग आलं, कढीपत्ता तयारीत आहे, आणि... पडला! काय आवाज आहे, वा वा वा!" हे मी रोज सकाळी गॅससमोर एकटी उभी राहून बोलत असते. बाहेरच्या खोलीतून नवरा पेपरमागून ओरडतो, "आकाशवाणी, जरा आवाज कमी!" मी कमी करते. पोहे वाफेला लागेपर्यंत तो पुन्हा वाढलेला असतो.

रविवारी मिसळ खायला गेलो तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मी सुखाने खाऊ देत नाही. "बघ, बघ, यांनी आधी रस्सा संपवला आणि आता नुसती मटकी उरली. आता हे हात वर करणार. केला! पोऱ्या बघत नाहीये. अरे बघ ना!" तो गृहस्थ घास तोंडात धरून माझ्याकडे बघत राहतो. नवरा मेन्यूकार्डात डोकं घालतो. मिसळीच्या हॉटेलातलं मेन्यूकार्ड ते केवढं, पण तो त्यात पूर्ण मावतो.

माझ्या स्वतःच्या लग्नात अंतरपाटामागे उभी असताना मी करवलीला सांगत होते, "मामांचा हात दुखायला लागलाय, अंतरपाट एका बाजूला खाली आलाय, त्याचे बूट दिसतायत, पॉलिश बरं आहे." भटजींचा माईक माझ्या कानाशीच होता. बुटांचं पॉलिश बरं असल्याचं सगळ्या कार्यालयाला कळलं. बाळंतपणात तर कहरच. डॉक्टरीणबाई शेवटी वैतागून म्हणाल्या, "अहो, तुम्ही कळा द्या, बातम्या मी देते!"

मी एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. आता तुम्हीच सांगा, मी तिथे काय गप्प बसणार? एकदा एक आजोबा बाकावर नंबरची वाट बघत होते. मी आपली त्यांना धीर द्यायला सांगत होते, "आतल्या काकूंना भूल दिली बरं का. आता मशीन सुरू होईल. झालं बघा. आता दाढ हलवतायत. हलली! नाही, नाही, परत धरली." मी वर बघितलं तर आजोबा चपला हातात घेऊन जिन्यात. त्या दिवसापासून डॉक्टरांनी मला फक्त दोन वाक्यं बोलायची परवानगी दिलीय. नाव काय, आणि बसा.

ही खोड लागली कुठून तेही सांगते. आम्ही नाशिक रोडला क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा प्रेसमध्ये कामाला, नोटा छापतात त्या प्रेसमध्ये. तिथलं काही घरी बोलायचं नाही असा नियम. बाबांनी तो नियम सगळ्या आयुष्यालाच लावून टाकला होता. भाजीत मीठ नसलं तरी बोलायचे नाहीत, आई ताटाकडे बघून ओळखायची. सुट्टीच्या दिवशी ते ट्रान्झिस्टर कानाशी धरून क्रिकेटची मॅच ऐकायचे आणि मी त्यांच्या पायाशी बसून ती ऐकायचे. मला क्रिकेट कळत नव्हतं. पण न दिसणारं मैदान एक माणूस नुसत्या तोंडाने आपल्या खोलीत आणून ठेवतो, याचं मला एवढं अप्रूप वाटायचं, एवढं वाटायचं की काय सांगू!

एकदा ऐन रंगात आलेली मॅच आणि ट्रान्झिस्टरचे सेल गेले. बाबांनी ते काढून उन्हात ठेवले, तळहातावर घासले, पुन्हा घातले. काही नाही. दुकानं बंद. बाबांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. मग मी उठले, माईक म्हणून हातात लाटणं घेतलं आणि मॅच पुढे सुरू केली. काय खेळवली मी ती मॅच! आमचा शेवटचा गडी, हाताला पट्टी बांधलेला, एका हाताने षटकार मारतोय, चेंडू स्टेडियमबाहेर रसवंतीगृहात पडतोय, रसवाला तो परत द्यायला तयार नाही! बाबा भिंतीला टेकून ऐकत होते. मी आपल्याला जिंकवलं आणि थांबले. बाबांनी लाटणं माझ्या हातातून घेऊन स्वतः स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात आपण हरल्याचं आलं. बाबांनी पेपरची घडी घातली आणि मला म्हणाले, "वाढवून सांगू नकोस." झालं. तेव्हापासून हे वाक्य माझ्या नशिबाला आलं. शाळेतून येऊन मी काही सांगायला तोंड उघडलं, की अर्ध्यावर हे वाक्य. लग्न झालं, पोरं झाली, माहेरी गेले, तरी हे वाक्य. बाबा वर्षभर जे काही मोजकं बोलायचे, त्यात हे एक वाक्य माझ्यासाठी राखून ठेवलेलं असायचं.

पण वर्षातून एक दिवस बाबा ओरडायचे! तो दिवस रंगपंचमीचा.

बाबांचं मूळ घर जुन्या नाशकात. तिथे अजून माझे काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ राहतात. त्यांच्या गल्लीत रस्त्याखाली रहाड आहे. बाहेरच्या माणसाला रहाड दाखवली तर तो म्हणेल, कुठाय? कारण वर्षभर ती दिसतच नाही. दगडी बांधणीचा मोठा चौकोनी हौद, पुरुषभरापेक्षा खोल, त्यावर जाडजूड लाकडं टाकलेली, लाकडांवर माती, आणि मातीवरून रिक्षा, स्कूटर, भाजीच्या गाड्या सगळं जात असतं. रंगपंचमी आली की माती उकरायची, लाकडं काढायची, हौद धुवायचा, पूजा करायची. पळसाची फुलं कढईत उकळून केशरी रंग करायचा आणि रहाड भरायची. आणि मग लोक काठावरून त्या रंगात उड्या मारतात. त्या उडीला धप्पा म्हणतात. पोटाशी गुडघे घेऊन असं पडायचं की पाणी आकाशात गेलं पाहिजे. एकदा धप्पा मारला की उन्हाळाभर अंगावर घामोळं येत नाही म्हणतात. येतं. पण म्हणतात.

बाबांचा धप्पा सगळ्या गल्लीत नावाजलेला. क्वार्टरमधून आम्ही पांढरे कपडे घालून बसने जायचो आणि बाबा काठावर उभे राहिले की बाकीची पोरं बाजूला व्हायची. वर्षभर न वापरलेला आवाज काढून ते ओरडायचे, "आलोssss!" आणि धाडकन पाण्यात. पाणी थेट समोरच्या घराच्या वरच्या गॅलरीपर्यंत जायचं. त्या गॅलरीत आई उभी असायची. लग्न होऊन ती पहिल्यांदा तिथे उभी राहिली तेव्हा नवी साडी नेसून होती, आणि बाबांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत केशरी केलं होतं. आई वरून किंचाळली होती, "नवी साडी होती हो माझी!" त्यानंतर दरवर्षी आई त्याच गॅलरीत उभी राहायची, दरवर्षी भिजायची आणि साडी कितीही जुनी असली तरी हेच ओरडायची. मी खाली काठावर उभी राहून या सगळ्याचं वर्णन करत असायचे. तेवढा एक दिवस मला कोणी अडवत नव्हतं.

तीनेक वर्षांपूर्वी बाबांची नजर गेली. काचबिंदू. तो मेला दुखत नाही, खुपत नाही, बाजूबाजूने खात येतो. कळलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. बाबांनी ते ऐकलं. निवृत्तीनंतर प्रेसजवळच घेतलेल्या घरी आले, गॅलरीतल्या खुर्चीत बसले, ते बसलेच. सकाळी फिरायला जाणं बंद. मित्रांकडे जाणं बंद. लग्नकार्याला चला म्हटलं तर मान हलवायचे. रंगपंचमीला काकांचा फोन यायचा, बाबा फोन न घेता आईकडे सरकवायचे. आईने एकदा मला जिन्यात गाठलं. ती रडकी नाही, फणकाऱ्याची आहे. म्हणाली, "चांगला धडधाकट माणूस आहे गं. हातपाय शाबूत आहेत. पण हा खुर्चीतच संपणार. तू काहीतरी कर."

मी काय करणार? मला येतं काय, तर बोलणं. दवाखाना सुटला की मी त्यांच्याकडे जाऊन शेजारी स्टुलावर बसायला लागले आणि खालच्या रस्त्याचं वर्णन करायला लागले. बाबांना बरं वाटावं म्हणून सगळं गोड गोड. "बाबा, समोरच्या आंब्याला काय मोहर आलाय! एक पान दिसत नाही!" "बाबा, शेजारच्यांनी काय बंगला रंगवलाय, राजवाडा नुसता!" बाबा ढिम्म. मी आपली रेटतेय. आठवडाभर तरी मी त्या रस्त्यावर स्वर्ग उतरवला असेल. मग एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "त्या आंब्याला आजवर कधी मोहर आलेला नाही. वाढवून सांगू नकोस. आहे तेवढं सांग."

तुम्हाला सांगते, मला उडी मारावीशी वाटली! कितीतरी दिवसांनी माणूस एका दमात इतकं बोलला होता!

मग मी आहे तेवढं सांगायला शिकले. सोपं वाटतं ना? करून बघा. वाढवून सांगताना आपल्याला हवं ते घालता येतं, आहे तेवढं सांगायला नीट बघावं लागतं. "फुलवालीने गजऱ्यांवर ओलं फडकं टाकलं. प्रेस सुटली, सायकली येतायत. कुत्रं उठलं, दोन पावलं गेलं, परत झोपलं." बाबा म्हणाले, "कुठलं कुत्रं? कान तुटका?" मी म्हटलं, "हो." बाबांनी मान डोलावली. म्हणजे त्यांना ते दिसलं! मला दिसलेलं कुत्रं त्यांना दिसलं! मी घरी जाऊन नवऱ्याला हे सांगताना रडत होते आणि तो म्हणाला, "कुत्र्यासाठी?" त्याला काय कळणार. मग मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, तेव्हा मात्र त्याने पेपर खाली ठेवला.

हळूहळू बाबा विचारायला लागले. सायकल कुठल्या रंगाची? पोरगं कोणाचं? ऊन कुठवर आलं? मी चुकले तर पकडायचे, कारण कान त्यांचे तेज. एकदा मी दूधवाला आला म्हटलं, तर म्हणाले, "ही त्याची गाडी नाही, भावाची आहे." मी वाकून बघितलं, खरंच भाऊ. अशा आमच्या मॅची रोज रंगायच्या. पण खुर्चीतून उठायचं नाव काढलं की संपलं. मान हलली.

या वर्षी रंगपंचमीच्या आधी काकांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. फोन मी घेतला आणि स्पीकरवर टाकला. काका सांगत होते, रहाड उघडली, लाकडं निघाली, हौद घासून झाला, फुलं उकळायला टाकली. बाबा कान देऊन ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "रंग कसा झालाय?"

मी म्हटलं, "मला इथून कसं कळणार? बघूनच सांगावं लागेल."

"मग बघून ये. आणि सांग."

"आल्यावर सांगितलं तर ते शिळं होतं, बाबा. धावतं वर्णन असतं ते, कालचा पेपर नव्हे."

बाबा गप्प. मी छातीवर दगड ठेवून गप्प. मी! गप्प! आई दारात उभी होती, तिने पदर तोंडात धरला होता. शेवटी बाबा म्हणाले, "येतो. पण भावाच्या ओट्यावर बसेन. बाकी काही नाही." आई आत गेली आणि कपाटातून त्यांचे पांढरे कपडे काढून इस्त्रीला देऊन आली. लगोलग.

रंगपंचमीला आम्ही रिक्षाने निघालो. द्वारकाच्या चौकात नेहमीसारखी कोंडी. माझं सुरू, "बाबा, डावीकडे कांद्याचा ट्रक, उजवीकडे एसटी, पुढच्या स्कूटरवर चौघं, चौघंही गुलाबी." रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "मावशी, सिग्नल सुटला की तेवढं मला पण सांगा." बाबा हसले. आवाज न करता, पण हसले. मी त्याचंही वर्णन करणार होते, आईने मला चिमटा काढला.

गल्लीत पोचलो तर काय तो दणका! नाशिक ढोल असा वाजत होता की पोटातलं पाणी हलत होतं. काठाच्या चारी बाजूंनी माणसं, ओट्यांवर माणसं, गॅलऱ्यांत बायका. काका घराच्या ओट्यावर हातात माईक घेऊन ओरडत होते, "एकमेकांच्या अंगावर पडू नका रे! उडी मारली की लगेच बाहेर!" बाबांना बघून त्यांचा माईक खालीच आला. "दादा!" म्हणाले आणि ओट्यावर त्यांच्यासाठी जागा करायला लागले. आई समोरच्या घरात वर गेली आणि आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली. मी बाबांना ओट्यावर बसवलं आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सुरू झाले. रंग केशरी, पण कडेला फेसामुळे पिवळट. एकाने पाय आधी घातले, फुकट गेला. एकाने पोटावर घेतलं, लागलं त्याला. आता एक जाडा उभा आहे. पडला! काठ भिजला, बास.

"गॅलरी?" बाबांनी विचारलं.

"नाही. गॅलरीपर्यंत एकाचंही नाही."

बाबा उठून उभे राहिले. म्हणाले, "मला काठावर ने."

काका धावले. "दादा, वेडेपणा करू नको. घसरण आहे, खोल आहे, वय बघ, आणि..." पुढचं त्यांनी गिळलं. बाबा म्हणाले, "आणि दिसत नाही. बोल की. पोहायला डोळे लागत नाहीत." काका ऐकेनात. त्यांचंही बरोबरच होतं हो, काही झालं असतं तर जबाबदारी त्यांची. त्यांनी बाबांचा दंड घट्ट धरून ठेवला. तेवढ्यात समोरच्या गॅलरीतून, ढोल चिरत, आईचा आवाज आला. "भाऊजी, सोडा त्यांना! घरी खुर्चीत रोज बुडतातच की ते!"

काकांचा हात सुटला. मग तेच माईकवर म्हणाले, "सगळे बाहेर या. रहाड रिकामी करा. दादा येतोय." जुने लोक ओरडायला लागले, नव्या पोरांना कळेना कोण दादा. पोहता येणारे दोन तगडे तरुण काकांनी काठावर तयार उभे केले. मी बाबांचा हात धरून निघाले. कोणीतरी म्हणालं, "ताई, बायकांची वेळ दुपारी आहे." मी म्हटलं, "मी पोहायला नाही, बोलायला आलेय. सरक!"

काठावर आलो आणि माझ्या लक्षात आलं की बाबांना माझा आवाज ऐकूच येत नाहीये. ढोल थांबवा म्हटलं तर थांबतो थोडाच! बाबांना त्या दोघा तरुणांजवळ थांबवून मी मागे फिरले आणि काकांच्या हातातून माईक हिसकावून आणला. आयुष्यभर मला सगळे आवाज कमी कर, आवाज कमी कर म्हणत आले, आणि आता गल्लीच्या दोन्ही टोकांच्या भोंग्यांतून माझा आवाज! "बाबा, ऐका! तुमच्या उजव्या पायापुढे एक पाऊल जागा आहे. त्यापुढे काठ. काठावर दगड ओला आहे. अर्धं पाऊल टाका. अजून थोडं. थांबा. आता तुमची बोटं काठावर आहेत." ढोलवाल्यांनी ते ऐकलं आणि आपण होऊन काठ्या खाली घेतल्या. सगळी गल्ली शांत झाली.

"खाली कोणी आहे?" बाबांनी विचारलं.

"कोणी नाही. नुसता रंग आहे. केशरी. मघाचा फेस बसलाय, आता वरच्या घरांची सावली पडलीय त्यात."

"वाढवून सांगत नाहीस ना?"

"नाही बाबा. आहे तेवढंच."

बाबांनी दोन्ही हात वर केले. मग तो आवाज आला, जो मी तीन वर्षं ऐकला नव्हता. "आलोssss!" आणि बाबा गेले.

पाणी मिटलं. केशरी रंग बाबांना गिळून पुन्हा जागच्या जागी आला आणि मी माईक धरून उभी. मला खरं तर सांगायचं होतं, काहीही सांगायचं होतं, पण भोंग्यांतून नुसती खरखर जात होती. बाबा वर आले. केस कपाळाला चिकटलेले, तोंड पलीकडच्या भिंतीकडे. ते वळले. पुन्हा वळले. मान इकडे, मान तिकडे. त्यांना काठ कुठल्या बाजूला आहे ते कळत नव्हतं! काठावरचे दोघं उडी घ्यायला वाकले, बाबांना ती चाहूल लागली आणि त्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग त्या पाण्यातून, सगळ्या गल्लीदेखत, बाबा ओरडले, "अगं बोल ना! जन्मभर बोललीस आणि आत्ताच गप्प? काठ कुठाय?"

मी माईक तोंडाशी नेला. एवढे शब्द माझ्याजवळ, एवढे शब्द, आणि त्यातले दोनच निघाले. "इकडे, बाबा."

बाबांचं तोंड माझ्याकडे वळलं. "इकडे," मी पुन्हा म्हटलं. ते एकेक हात मारत यायला लागले. "इकडे. इकडे. इकडे." मी गुडघ्यावर बसले, हात पुढे केला आणि त्यांचा ओला हात माझ्या हातात आला. गल्लीने असा गलका केला की ढोलवाल्यांना पुन्हा सुरू करायला कोणी सांगावं लागलं नाही.

काकांनी आणि मी मिळून त्यांना ओट्यावर आणलं. भुवया केशरी, मिशा केशरी, कानातले केससुद्धा केशरी. टॉवेल अंगावर घेऊन ते बसले होते, धापा टाकत होते आणि त्यांचा चेहरा ट्रान्झिस्टरच्या दिवसांतल्यासारखा झाला होता. माईक माझ्या हातात तसाच चालू होता, माझ्या लक्षातच नव्हतं.

"धप्पा कसा होता?" बाबा म्हणाले.

मी शिकलेली होते ना आता. आहे तेवढं सांगितलं. "पाय नीट दुमडले नव्हते, बाबा. पाणी काठावर आलं. काकांचे पाय भिजले."

"बस?"

"बस."

"गॅलरी?"

मी समोर बघितलं. आई कठड्याला धरून उभी होती. आज ती खरंच नवी साडी नेसली होती, फिकट अबोली, इस्त्रीची घडी जशीच्या तशी. तिच्यावर थेंबसुद्धा नव्हता. मी काही बोलले नाही. बाबांना ते समजलं असणार. त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं, दोनदा पुसलं, आणि अगदी हळू, मला एकटीलाच सांगावं तसं म्हणाले, "आज जरा वाढवून सांग गं."

ढोल नेमका विसावला होता, भोंग्यांतून ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. मी माईक सरळ धरला, तोंड उघडलं, पण त्याच्याआधीच वरून कोरड्याठक्क साडीचा पदर दोन्ही हातांनी पिळत आई किंचाळली, "नवी साडी होती हो माझी!"